बाहेर टांगलेली बॅटरी

संघपाल निकाळजेचं औरंगपुऱ्यातल्या गल्लीत वायरमनचं दुकान आहे. माणूस तुसडा, पण कामाला चोख. ना कंपनीचं नाव, ना सरकारी शिक्का, असले स्वस्तातले सोलर संच घेऊन लोक त्याच्याकडं येतात. "ह्या डब्याला सोलर म्हणायचं व्हय?" असं खेकसत तो संच जोडून देतो. बॅटरी मात्र घराबाहेर, भिंतीलाच टांगतो.

चितेगावजवळच्या वस्तीवर सरूबाईचीही त्यानं तशीच टांगली होती. चोर नेतील म्हणून तिनं ती आत घेतली, आजारी नवऱ्याच्या, धोंडिबाच्या, उशाशी ठेवली आणि धूळ बसू नये म्हणून वर गोधडी टाकली. भर उन्हाळ्यात एका दुपारी बॅटरी तापून पेटली. सरूबाई विहिरीवर होती. धोंडिबाला अंथरुणातून उठता येत नव्हतं.

संघपाल दुखवट्याला भेटायला गेला. सरूबाई म्हणाली, "दादा, तुम्ही बाहेर लावली व्हती. म्याच आत आणली."

तिच्याकडं बघून तो खोटं बोलला. "नाय मावशी. बाहेर असती तरी हेच झालं असतं."

मग कुठं तिनं घोटभर पाणी घेतलं.

काही दिवसांनी तिचे शेजारी काकासाहेब दुकानात आले. बोलता बोलता म्हणाले, "आम्ही बी समद्यांनी चोरांच्या भ्यानं बॅटऱ्या आत घेतल्या. तुम्हीच सरूबाईला म्हणलात ना, आत काय अन् बाहेर काय."

संघपालनं शटर ओढलं आणि गाडी काढली. वस्तीवर घरोघरी जाऊन खरं सांगायचं होतं, आणि वाटेवर पहिलं दार सरूबाईचं होतं.