थांबा सर

जालन्यात एक दुकान असं होतं, की तिथला मालक आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचा. गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर बसलेलं असायचं, मालही असायचा, आणि हा माणूस त्याला समजावून सांगायचा, "आज नका घेऊ. थांबा जरा." दुकान कॉम्प्युटरचं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटर ही वस्तू आमच्याकडं नुकतीच दिसायला लागली होती आणि ती विकणारी जी चार-दोन दुकानं होती, त्यांतलं हे एक, नव्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीतलं. आधी तिथं बियाण्याचं गोदाम होतं. पावसाळी हवेत भिंतींना अजून औषधाचा वास यायचा. मालकाचं खरं नाव पाटीवर होतं, पण गावानं त्यांना नाव ठेवलं होतं 'थांबा सर'.

सर त्याआधी एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. तिथल्या आवाजानं त्यांचा डावा कान गेला होता. कुणी बोलायला लागलं की ते मान तिरपी करून उजवा कान पुढं करत, त्यामुळं समोरच्याला वाटायचं, आपलं एवढं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मिल सोडताना मिळालेल्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी पहिला कॉम्प्युटर घेतला होता. वर्षभरात तसल्याच मशीनची किंमत निम्म्यावर आली. ती चुटपुट त्यांच्या मनातून कधी गेली नाही. "मी फसलो ते फसलो. दुसऱ्याला कशाला फसू द्यायचं?" असं म्हणत. माणूस फसतो तो घाईनंच, अशी त्यांची पक्की समजूत होती.

माझी आणि त्यांची ओळख झाली तीही गिऱ्हाईक म्हणूनच. मी राजूरची. बी.ए. झाल्यावर जालन्याला जाऊन-येऊन सहा महिन्यांचा कोर्स केला होता. मराठी टायपिंग, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, सगळं करायला शिकले होते. राजूरला गणपतीचं देऊळ, चतुर्थीला माणसांची ही गर्दी, दुकानं वाढत होती. पण एक पत्रिका करायची तरी माणूस जालन्याला नाहीतर भोकरदनला जायचा. गावात एकही कॉम्प्युटर नव्हता. पहिला माझा असावा, असा माझा हट्ट होता. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वर्षभर नुसतं ऐकून घेतलं. त्या वर्षी मोसंबी चांगली गेली आणि एक दिवस ते आपणहून म्हणाले, "चल, बघू तुझी मशीन."

सरांनी आम्हाला पाणी दिलं. काय काम करणार, गावात लाईट किती तास असते, खोली पत्र्याची आहे का स्लॅबची, सगळं विचारलं. मी भराभर उत्तरं देत होते. शेवटी ते आण्णांकडं वळले.

"आण्णा, खरं सांगू का? दिवाळीपर्यंत थांबा. नवी मशीन येऊन राह्यली. ह्याच पैशात दुप्पट चांगली भेटंल."

"मला आत्ताच पाहिजे सर," मी म्हणाले.

"ताई, मशीन कुठं पळून न्हाई चालली."

परत जाताना काळ्या-पिवळ्या जीपमध्ये आण्णा वाटभर त्यांचं कौतुक करत होते. "असा दुकानदार न्हाई पाह्यला. हातातलं गिऱ्हाईक सोडलं बघ त्यानं!"

पावसाळ्यात धाकट्या भावाचा डी.एड.ला नंबर लागला आणि ते पैसे तिकडं गेले. यात कुणाचं काही चुकलं, असं घरात कुणालाच वाटलं नाही. माझी मशीन तर दिवाळीपर्यंत थांबलेलीच होती. दसऱ्याला देवळासमोरच्या झेरॉक्सवाल्यानं कॉम्प्युटर आणला, नारळ फोडला, पेढे वाटले. आमच्याही घरी पेढा आला. मी तो खाल्ला नाही. दिवाळी झाल्यावर मला बघायला पाहुणे यायला लागले.

कोर्सचं सर्टिफिकेट आणायला मी एकटीच जालन्याला गेले, तेव्हा पाय आपोआप त्या गल्लीत वळले. सरांनी मला लगेच ओळखलं.

"आलात का ताई! म्हणलो न्हवतो? भाव उतरला बघा."

"उतरला असंल सर," मी म्हणाले. "पण आता पैसे न्हाईत. गावात दुसऱ्यानं मशीन आणली. मला पाहुणे बघून जाऊन राह्यलेत. तुमचं बराबर निघालं. माझं गेलं."

मान तिरपी करून त्यांनी सगळं ऐकलं. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटलं, काही तरी समजूत घालतील. त्यांनी नुसता पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला. मी उठले आणि बसस्टँडपर्यंत रडत गेले.

आठ दिवसांनी सर मोपेडवर राजूरला आले. अंगावर वाटेतली सगळी धूळ. आण्णांनी मोठ्या मानानं त्यांना बाजेवर बसवलं. चहा आला.

"आण्णा, माझं चुकलं," सर म्हणाले. "मी मशीनचा भाव पाह्यला. पोरीचं वय न्हाई पाह्यलं."

"तुमचं काय चुकलं? तुम्ही तर आमचा खर्चा वाचवला!"

आण्णा हे अगदी मनापासून बोलले. सरांना ते जास्तच लागलं असावं, कारण त्यांचा चहा बशीत तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, पोरीला माझ्या दुकानात पाठवता का, मी पत्रिकांचं काम सुरू करतो, ते ती सांभाळील. आण्णांनी अडकित्ता काढून सुपारी कातरली. "लग्न जमेपर्यंत," ते शेवटी म्हणाले.

ते 'जमेपर्यंत' साडेतीन वर्षं चाललं. रोज सकाळच्या एसटीनं जायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. मी तिथं गेले तेव्हा सरांची बोलण्याची तऱ्हा बदललेली होती. आता ते कुणाला 'थांबा' म्हणत नसत आणि 'घ्या'ही म्हणत नसत. नुसते विचारत राहत. घरात शिकणार कोण? त्याचं वय काय? तो अजून किती वर्षं घरी आहे? नोकरीला बाहेर जाणार का? पोरगी असली तर लग्नाचं काही चाललंय का? एकदा एक मिलमधला क्लार्क वैतागून म्हणाला, "साहेब, मी इथं कॉम्प्युटर घ्यायला आलोय का सोयरीक जमवायला?" आम्ही हसलो. तो मात्र उठून मेन रोडवरच्या नव्या दुकानात गेला. तिथं एसी होता, हप्त्यांची सोय होती आणि कुणी काही विचारत नव्हतं.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, दुपारी डबा घेऊन यायच्या आणि माझ्याजवळ बसून मन मोकळं करायच्या. "ह्यांचं हे थांबणं आजचं न्हाई गं. मला पाहून गेल्ते, तं आठ महिने निरोप न्हाई. माझे वडील दुसरीकडं जमवायला निघाले, तवा जागे झाले." सर ऐकू न आल्यासारखं करायचे. नको ते बोलणं डाव्या कानाकडून आलं, की त्यांना बरं पडायचं.

हसनाबादचे एक रिटायर उर्दू मास्तर आले होते, ते आठवतात. त्यांना आपल्या घराण्याची माहिती लिहून ठेवायची होती. सरांनी नेहमीचे प्रश्न विचारले आणि चक्क म्हणाले, "मास्तर, तुम्ही आजच घेऊन जा."

"मेरी उमर देख के बोल रहे क्या?" मास्तर मोठ्यानं हसले आणि मशीन घेऊन गेले.

दोन महिन्यांत भाव पुन्हा पडला. मास्तरांचा मुलगा दुकानात येऊन भर गिऱ्हाइकांपुढं ओरडला, "बुढ़े आदमी को पुराना माल चिपका दिया!" सर उभे राहून ऐकत होते. उजवा कान त्याच्याकडंच होता. तो गेल्यावर म्हणाले, "थांबा म्हणलं तरी शिव्या, घ्या म्हणलं तरी शिव्या. मंग बोलावं तरी काय, सुरेखा?" तोवर ते मला नावानं हाक मारायला लागले होते.

आणि मग भोकरदनकडचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीचं नाव वर्षा. माझ्यासारखाच कोर्स केलेला, माझ्यासारखीच ओढणी बोटाला गुंडाळत बसलेली. वडिलांनी विचारलं, "आता घ्यावा का पुढच्या सालाला?" सरांनी माझ्याकडं पाहिलं.

"आजच घ्या," मी म्हणाले. "बिलकुल थांबू नका."

साडेतीन वर्षांत मी स्वतः विकलेली ती एकच मशीन. वर्षाचा चेहरा असा फुलला, की मला माझंच काही परत मिळाल्यासारखं झालं. ते गेल्यावर सरांनी हळूच विचारलं, "बराबर केलं ना आपण?" मी म्हणाले, "हो."

आठ महिन्यांनी ते गृहस्थ एकटेच आले. टेम्पोत मशीन होती. "पोरीचं लग्न झालं. आम्ही लग्नात ही देतो म्हणलो, तं तिकडचे म्हणले, त्याच्यापेक्षा फ्रीज द्या. आता घरी कुणाला येतंय? काय येतील ते द्या." सरांनी त्यांना बिलावरची होती ती सगळी रक्कम परत दिली. ते गेल्यावर मी मशीन टेबलावर ठेवून सुरू केली. आत सरावाची पानं होती, एक अर्ज होता, आणि पूर्ण केलेलं काम एकच होतं, वर्षाची स्वतःची लग्नपत्रिका. गणपती, कडेची वेलबुट्टी, दोन्हीकडच्या मंडळींची नावं, सगळं जागच्या जागी. मी सरांना बोलावलं. ते वाकून एकेक नाव वाचत गेले.

"मांडणी चांगली हाय," ते म्हणाले. मग जाता जाता म्हणाले, "पुसू नको."

त्या रात्री मला घरी जेवण गेलं नाही. सरांच्या 'थांबा'नं माझं गेलं, म्हणून मी त्यांना तोंडावर बोलले होते. माझ्या 'आजच घ्या'नं वर्षाच्या पदरात काय पडलं? दुसऱ्या दिवशी हे मी सरांना विचारलं. ते एका मशीनचं कॅबिनेट उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मशीनचा टाइम सांगता येतो गं. माणसाचा सांगाया गेलो, तिथं मी चुकलो. तू बी चुकली."

पुढं वर्षभरात दुकान बंद झालं. सरांना औरंगाबादला एका कंपनीत मशिनी दुरुस्तीची नोकरी मिळाली. जाताना त्यांनी ती वर्षाची मशीन माझ्या घरी पोचवली. मी नको म्हणत होते. दुसऱ्या मुलीची मशीन घेताना हात पुढं होत नव्हता. सर म्हणाले, "तिची ऱ्हायली, तुझी तरी चालू दे. आन् हे बघ, पाहुणे आले तं पहिल्यांदा मशीनचं सांग. नंतर न्हाई, पहिल्यांदा." मी तसं सांगत गेले. दोन ठिकाणांहून होकार आला नाही. तिसऱ्या ठिकाणी, अंबडला, मुलगा म्हणाला, "घेऊन या की, आमच्याकडं जागा आहे."

लग्नाची पत्रिका मी स्वतः केली आणि पहिली सरांना पाठवली. त्यानंतर दोनच वर्षांत सर गेले. कंपनीतच छातीत कळ आली. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. मी वहिनींना भेटून आले, पण सरांची माझी शेवटची भेट राहिली ती राहिलीच. त्याआधी माझ्या लग्नातही ते मला दिसले नव्हते. त्या दिवशी सकाळी सामानाचा टेम्पो लवकर अंबडला निघून गेला, त्या गडबडीत माझं लक्ष नव्हतं. अक्षता पडताना, मग पंगती उठताना, मी सारखी मांडवात त्यांना शोधत होते. माझ्या लग्नालाही त्यांनी येऊ नये, याचा मला राग आला होता. त्या रागातच मी अंबडला गेले.

माप ओलांडून आत गेल्यावर, घर राखायला मागं राहिलेल्या आजेसासूबाईंनी माझा हात धरला आणि मला आतल्या खोलीत नेलं. मशीन जोडून ठेवलेली होती. भिंतीला नवा बोर्ड होता, तिथून अर्थिंगची वायर बाहेर तुळशीजवळच्या ओल्या मातीत नेलेली होती.

"सकाळच्याला टेम्पोसंग आल्ते एक जण," आजी म्हणाल्या. "म्हणले, मी सुनबाईचा सर. भिंतीला भोक पाडू का म्हणून मला इचारलं. पाडलं, माती बी स्वतःच झाडून घेतली. दुपार झाली, जेवा म्हणलं, तं म्हणले, आता तिकडं लग्नातच जेवतो." त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "जेवले ना गं ते तिकडं? उपाशी तं न्हाई गेले?"

"जेवले," मी म्हणाले.