वीज नसताना चाललेला प्रोग्राम

जळगावात लाकडी घाण्यावर तेल घ्यायला थांबलो होतो. कोणती प्रोग्रामिंगची भाषा चांगली, यावरून ऑफिसातली मुलं फोनवर भांडत होती. कोमट शेंगतेलाचा वास आला आणि त्यांचे आवाज लांब गेले.

अमळनेरच्या कॉलेजातही खिडकीतून हाच वास यायचा. प्रॅक्टिकलच्या आदल्या दुपारी माझा प्रोग्राम सुरू होत होता, पण थांबतच नव्हता. त्यात वीज गेली.

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "वाचून दाखव."

काळ्या पडद्यासमोर मी वहीतल्या ओळी वाचू लागलो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, बोटं एकेक मिटत, उघडत होती.

"थांब. वाढवतोस एक आकडा आणि तपासतोस दुसराच. तेवढं बदल." मग पुन्हा ऐकून म्हणाल्या, "आता उत्तर एकवीस येईल."

शेजारचा जितू पुटपुटला, "मॅडमना डोकामा बठ्ठं चालस रे." खरंच, सगळा प्रोग्राम त्यांच्या डोक्यातच चालत होता.

वीज आली, पंखे फिरू लागले. मी ओळ बदलली. पडद्यावर एकवीस उमटले, तेव्हा आम्ही सगळे मॅडमकडेच बघत होतो.

"सर, तुमचं मत काय?" फोनवरून कोणीतरी विचारलं.

तो प्रोग्राम पास्कल भाषेत होता की सी भाषेत, तेच मला आठवेना.