जाईचा मांडव

परवा रविवारी जाईच्या मांडवाचे खांब बदलायला घेतले. एकटीनेच... नवऱ्याची मोहोपाड्याला ड्यूटी होती आणि अजून एक आठवडा थांबायची माझी तयारी नव्हती.

खालापूरजवळच्या आमच्या गावातल्या घराची दोन भावांत वाटणी झालीय. जाईचं मूळ आमच्या अंगणात, पण थोडा मांडव कुंपणापलीकडे मोठ्या जाऊबाईंकडे जातो. ही वेल त्यांनीच माहेराहून आणून लावलेली. पुढे एका लग्नातल्या बोलण्यावरून आमचं बिनसलं... दोन वर्षं एकमेकींशी शब्द नाही.

यंदा बांबूंना वाळवी लागली आणि मांडव एका अंगाला कलला. साजगावचा फॅब्रिकेटर बघून म्हणाला, "वेल तोडा वहिनी. त्याबिगर पाइप उभे नाय राहनार." मी त्याच्याकडून फक्त पाइप कापून घेतले.

एक बांबू काढायचा, तिथे पाइप रोवायचा, मगच पुढच्याला हात लावायचा. दुपारपर्यंत तीन झाले. तळहाताला फोड आले, पण वेल शाबूत होती.

चौथा खांब कुंपणाला लागून. बांबू काढायला गेले तो मधेच मोडला आणि सगळा भार माझ्या खांद्यावर आला... पाइप दोन हात अंतरावर पडलेला, पण हलता येईना. सोडलं असतं तर वेल बुंध्यातूनच चिरली असती.

हाकेच्या अंतरावर एकच घर होतं. मी तशीच भार पेलत उभी राहिले. मांडव आणखी खाली यायला लागला, तेव्हा कुठे तोंड उघडलं. "ताई... जरा येता का?"

जाऊबाई लगेच आल्या, हातात बेचक्याची काठी घेऊनच. ती मांडवाखाली रोवत म्हणाल्या, "मी धरलंय गं. तू पाइप घे."

खांब बसल्यावर दोघी पायरीवर टेकलो. "सकाळपासून बघते हाय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बोलावते का नाय."

"तुम्हीच यायचं ना मग..."

"तसं कसं यायचं गं?"

उरलेले दोन खांब त्यांच्या अंगणात होते. तेही संध्याकाळच्या आत दोघींनी मिळून उभे केले. त्या लग्नाचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

एक हाक मारायला मला दोन वर्षं लागली... ताई, थँक्यू. परवा तोंडावर म्हणायचं राहिलं, म्हणून इथे लिहिते. आणि उद्या घरी येऊन सांगते.