मध्येच वाजलेली टाळी

सदर इसम, वय साठीच्या पुढे. उंची मध्यम, बांधा लिफ्टच्या छतावरच्या झडपेतून वर निघता येईल इतपत. व्यवसाय : लिफ्ट दुरुस्ती, आता निवृत्त. वैवाहिक स्थिती : विवाहित, एकदाच. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर वंगणाचा डाग, जो कुठल्याही साबणाला दाद देत नाही. छंद : जाझ संगीत ऐकणे. वर्तणूक समाधानकारक. सदर इसमाविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही.

आम्ही त्यांना लिफ्टवाले म्हणतो. आम्ही म्हणजे दर रविवारी दुपारी दाताच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत जमणारी पाच-सात माणसं. दवाखान्याला सुट्टी असते. स्पीकर डॉक्टरांचे, खुर्च्या रुग्णांच्या, त्यामुळे तिथे बसलं की उगाचच एखादी दाढ ठणकायला लागते. नियम एकच : रेकॉर्डची शिफारस करायची तर ती पहिल्यांदा कुठे आणि कशी ऐकली ते सांगायचं. आठवण नाही, तर शिफारस बाद.

नियम डॉक्टरांचा, आणि मंडळात एकमेकांबद्दल जो संशय आहे तो सगळा त्यातूनच आला. माणसाकडे रेकॉर्ड पुष्कळ असतात, आठवणी मोजक्याच. पुढेपुढे लोक त्या घरी बनवून आणू लागले. आमच्यातल्या गणिताच्या बाईंनी वर्षभरात तीन वेगवेगळ्या रेकॉर्ड एकाच आजारी मावशीच्या उशाशी बसून ऐकल्या.

"मावशी बऱ्या झाल्या का हो शेवटी?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिल्या दोन रेकॉर्डना झाल्या," बाई म्हणाल्या.

लिफ्टवाल्यांवर मात्र कुणाचा संशय नव्हता. त्यांच्या आठवणींत मिरवण्यासारखं काही नसायचंच. तरुणपणी एका मोठ्या हॉटेलच्या लिफ्ट त्यांच्याकडे होत्या. गच्चीवरच्या यंत्रखोलीत ते रोलरना वंगण देत बसलेले, आणि खाली तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाहुण्या वादकांची तालीम. लिफ्टच्या पोकळीतून आवाज वर यायचा, विहिरीतून यावा तसा. ट्रम्पेट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत दमायचा, पियानोचे तुकडे पोचायचे. गच्चीपर्यंत अखंड चढायचा तो फक्त बास, त्या माणसाएवढ्या उभ्या तंतुवाद्याचा खर्ज. त्यामुळे लिफ्टवाल्यांची शिफारस नेहमी एकच असे : "दुसरी बाजू लावा आणि बासवाल्याकडे लक्ष ठेवा. बाकीचे येऊन-जाऊन असतात."

एका रविवारी डॉक्टर नवीन रेकॉर्ड घेऊन आले. नवीन म्हणजे नुकतीच निघालेली. मैफल जुनी, त्याच हॉटेलातली, कुणाच्या तरी कपाटात इतकी वर्षं पडून राहिलेली. दुसऱ्या बाजूला एक संथ चीज होती. ट्रम्पेट थांबला, पियानो थांबला, बास एकटाच चालत राहिला आणि मग तोही थांबला. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. त्या शांततेत एका माणसाने दणदणीत टाळ्या वाजवल्या, आणि एकदम थांबवल्या. मग बास पुन्हा सुरू झाला. चीज संपलीच नव्हती.

"कोण गाढव असेल हा?" डॉक्टर म्हणाले.

लिफ्टवाले उभे राहिले. "मी," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दरवानाने ओळखीने आत सोडलं होतं. तिकीट नव्हतं, म्हणून भिंतीकडेच्या बाकावर, जिथे हॉटेलची माणसं काम सोडून ऐकायला बसायची. बासवाल्याच्या एका बोटाला चिकटपट्टी होती. पियानोवाल्याने कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला होता आणि त्याची एक बाही जमिनीला लागत होती.

"पुरावा?" डॉक्टर म्हणाले.

"पुरावा मलाच हवाय," लिफ्टवाले म्हणाले. "बायकोला द्यायला."

त्या संध्याकाळी त्यांची बायको प्रसूतीसाठी इस्पितळात होती. अजून बराच वेळ आहे असं नर्स म्हणाली, म्हणून हे तासाभरासाठी बाहेर पडले. परत आले तेव्हा मुलगी झालेली होती. कुठे होतात, असं बायकोने विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं, आणि तिथेच चुकले. बायको अशी अडलेली असताना नवरा बाजा ऐकत बसतो, इतका निर्लज्ज कुणी असूच शकत नाही, असा तिने विचार केला. म्हणजे दुसरंच काहीतरी लपवण्यासाठी हा हे सांगतोय. ही बायको म्हणजे आमच्या वहिनी. त्यांची लाँड्री होती. गिऱ्हाइकाचा कपडा पाण्यात टाकण्यापूर्वी खिसे तपासणं हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांनी घरचाही कोट तपासला होता. तिकीट नव्हतं.

तेव्हापासून मुलीच्या दर वाढदिवसाला वहिनी पहिला घास घेण्यापूर्वी म्हणतात, "बाबा तेव्हा कामात होते." मुलगी आता स्वतः दोन पोरांची आई आहे. ती हसते. लिफ्टवाले हातातला घास ताटात परत ठेवतात.

पुढच्या रविवारी ते वहिनींना घेऊन आले. वहिनींनी आधी खोली पाहिली, मग आम्हाला. दोन्हींचा कपडा हलका आहे असा त्यांचा चेहरा झाला. बाईंनी त्यांना स्पीकरसमोरची खुर्ची दिली. डॉक्टरांनी सुई टेकवली. लिफ्टवाले डोळे मिटून बसले. लोक दाढ काढताना बसतात तसे.

शांतता आली. टाळ्या वाजल्या, थांबल्या.

"परत," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी परत लावलं.

"हेच ते," वहिनी म्हणाल्या. "मुलीच्या शाळेतल्या नाटकातही असेच. राजा अजून मरायचा होता आणि यांच्या टाळ्या."

लिफ्टवाल्यांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की आम्ही टाळ्या वाजवायच्याच बाकी राहिल्या. "मग? होतो ना मी तिथे? इतकी वर्षं सांगतोय."

"होतात," वहिनी म्हणाल्या. "आणि ही हसली ती कोण?"

"कोण हसली?"

"परत लावा हो डॉक्टर."

आम्ही जाझचे जाणकार. बासच्या तारेवर बोट घसरलेलं आम्हाला कळतं. पण टाळ्या थांबल्यावर अगदी त्यांच्या कानाशी एक बाई हलकेच हसली होती, हे आमच्यातल्या एकालाही ऐकू आलं नव्हतं. आता दुसरं काही ऐकूच येईना.

"अगं, कुणीही असेल. तिकीट काढून आली असेल."

"तुम्ही बिनतिकिटाच्या बाकावर होतात ना? तिकीट काढून बाई भिंतीशी कशाला बसेल?"

"मग हॉटेलातली कुणीतरी. मला नाही आठवत."

"बासवाल्याच्या बोटाची पट्टी आठवते," गणिताच्या बाई शांतपणे म्हणाल्या. मावशीचं उट्टं त्यांनी भलत्याच माणसावर काढलं.

"तिच्याकडे नव्हतो बघत मी. स्टेजकडे बघत होतो."

"अहो, ओळख नसलेल्या माणसाला बाई असं हसते का?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मोठ्याने हसेल. नाहीतर तोंड फिरवेल. हे घरच्या माणसाला हसल्यासारखं आहे."

डॉक्टरांनी, कुणी सांगितलं नसताना, एक स्पीकर बंद करून पाहिला. टाळ्या आणि हसणं दोन्ही डावीकडून येत होतं. "म्हणजे जवळजवळच बसलेले," ते म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच सगळ्यांना चहा विचारला. कुणाला नको होता.

मला विचाराल, तर लिफ्टवाले खरं बोलत असावेत. पण खरं त्यांनी तेव्हाही सांगितलं होतं, आणि त्याने काय झालं ते वर आलंच आहे. शिवाय वहिनींनी प्रश्न विचारल्यावर त्यांनी उत्तर देण्याआधी कॉलर सरळ केली, हे मी पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

जाताना वहिनींनी ती रेकॉर्ड मागून घेतली. पुढच्या रविवारी परत आणून दिली, दुसरी नेली. आता त्या दर आठवड्याला येतात. त्यांना फक्त मैफलीत मुद्रित केलेल्या रेकॉर्ड लागतात, स्टुडिओतल्या नकोत. शिफारसही करू लागल्या आहेत. "ही ऐका. पहिल्या बाजूला शेवटी मागच्या रांगेत कुणीतरी रडतंय आणि शेजारचा माणूस त्याला काही विचारत नाही." आम्ही ऐकतो. खरंच कुणीतरी रडत असतं. आठवण सांगायचा नियम त्यांना लागू करायचं धाडस डॉक्टरांनी अजून केलेलं नाही.

लिफ्टवाले यायचे थांबले आहेत. रविवारी दुपारी ते लाँड्रीचा गल्ला सांभाळतात.