बाईंना ज्वारीतच तोला

वडवणीच्या शाळेत मी रुजू झालो, त्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन स्टाफरूममध्ये सगळ्यांपुढे फिरलो. विज्ञान शिकवणाऱ्या इंदुमतीबाईंनी एका पेढ्याचा कण मोडला, कपाळाला लावून तोंडात टाकला आणि पुडा हलकेच माझ्याकडे सारला. मला ते लागलं. ते ओळखून बाई म्हणाल्या, "सर, प्रसाद कणभर असतो. पोटभर असतं ते जेवण." आमची ओळख झाली ती अशी.

बाईंना तेव्हा मधुमेह होताच. पुढे तो मलाही झाला. चारच्या सुमारास जीव गोडासाठी कासावीस व्हायचा. गोड चहा आणि बिस्किटं पोटात गेल्याशिवाय शेवटचा तास रेटवत नसे. गोळ्या चालू होत्या, तरी पायाची जखम भरत नव्हती. पाय जपा, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. घाबरून मी नामस्मरण वाढवलं, चहा मात्र तसाच राहिला.

बाईंनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "डब्यात काय आणता?"

"भात आणि बटाट्याची भाजी."

"मग चारला जीव गोड मागणारच. भात लवकर जिरतो. भूक परत येते आणि साखरेच्या नावानं हाका मारते."

दुसऱ्या दिवसापासून चहाच्या वेळी त्यांचा डबा टेबलावर उघडा असे. त्यात कधी मोडाची मटकी, कधी उकडलेले हरभरे. माझ्या डब्यातही भाताच्या जागी ज्वारीची भाकरी, घट्ट वरण आणि पालेभाजी आली. "भाकरी चांगली म्हणून चार खायच्या नसतात," हेही त्यांनीच बजावलं. गोळ्या तर मनानं बंद करूच दिल्या नाहीत. गोडाची ओढ एकदम गेली नाही. पण हळूहळू चार वाजलेले मला शाळेच्या घड्याळावरून कळू लागले, जिभेवरून नाही. जखमही भरली. आज मी दोन्ही पायांवर देवापुढे उभा राहतो, त्यात देवाइतकाच बाईंचा वाटा आहे.

आपल्याकडे आग्रह म्हणजे मान. लग्नघरी बाई ताटावर आडवा हात धरत, तेव्हा मागून शब्द येत, "लई गर्व हाय बाईला." बाईंचा हात हलत नसे. एकदा मी म्हणालो, "बाई, एक घास घेतला असता तर?" त्या म्हणाल्या, "माझ्या थोरल्या भावानं कुणाचाच आग्रह मोडला नाही. त्याचा पाय साखरेनं नाही, आग्रहानं गेला."

यंदा बाईंच्या पंच्याहत्तरीला गौरव समितीनं त्यांची तुला करायचं ठरवलं. समितीचे अध्यक्ष बाईंचेच विद्यार्थी. त्यांना सगळे बाप्पा म्हणतात. ते कौतुकानं म्हणाले, "बाई, तुमाला साखर चालत न्हाई, म्हणून पेढे रद्द केले. गूळतुला करू. गूळ हाय, साखर न्हाई!"

"गूळ काय साखरेचा सावत्र भाऊ आहे का रे? सख्खा आहे. विज्ञानात तुला पास कुणी केलं?"

"तुमीच की."

"चुकलंच माझं. तोलायचं तर ज्वारी-हरभऱ्यात तोला. नाहीतर मी पारड्यात बसत नाही."

"लोक हसतील, बाई. पंच्याहत्तरीला ज्वारी?"

"हसू देत. तेवढा वेळ तरी तोंडात लाडू नसेल."

बैठकीत कुजबुज झाली. गूळच शुभ, असं बहुतेकांचं मत पडलं. मी उठून म्हणालो, "गूळ आणणार असाल तर गौरव अंकात माझा लेख छापू नका."

"कावून एवढं तापता, सर?" बाप्पांनी विचारलं.

मी चप्पल काढली आणि जखमेचा वण दाखवला. बाप्पांनी वाकून तो वण पाहिला. मग हळूच म्हणाले, "ज्वारी सांगा रे."

म्हणून समारंभात पारड्यात ज्वारी आणि हरभरा असेल आणि पंगतीला त्यांचीच भाकरी-उसळ. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. ताटावर हात आडवा धरायला आम्हीही आता शिकलो आहोत.

पांडुरंगाकडे मागणं एकच आहे. बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि शंभरीच्या समारंभातही त्यांच्या दाताखाली भाजलेला हरभरा कडकन फुटो.