कोऱ्या ओळीखालची पंधरा घरं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी वाचते, पण एका वेळी एकच ओळ, बोट ठेवून. नातीच्या लग्नाच्या पत्रिका पाठवायच्या होत्या, तेव्हा ती म्हणाली की तिचा कॉम्प्युटरही असाच वाचतो. फाइल उघडतो, एक ओळ घेतो, तिचं काम करतो, मग पुढची. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिला या कामाचा पगार मिळतो, एवढाच फरक.

नातेवाइकांची यादी माझ्या वहीत आहे. एका ओळीत एक घर. ज्या घरात कोणी उरलं नाही, त्याची ओळ नवी वही करताना मी कोरी सोडते. मेलेल्याच्या जागी दुसऱ्याला बसवू नये, असं सासूबाई म्हणायच्या. या वहीत अशी एकच ओळ होती, थोरल्या नणंदेची. नातीने वही जशीच्या तशी टाइप केली, कोऱ्या ओळीसकट. मग प्रोग्रॅम लिहिला. एकेक ओळ वाचायची आणि पत्रिकेवर चिकटवायला नावाची चिठ्ठी छापायची. चिठ्ठ्या भराभर निघाल्या. मुलाने लांबच्या पत्रिका पोस्टाने पाठवल्या, जवळच्या हाताने दिल्या.

यादीत सगळ्यात खाली माझी धाकटी बहीण होती. ती चांदवडला असते. सहा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा भांडलो. चुकलं दोघींचं, तिचं जास्त. या लग्नाला तिला बोलवायचं मी ठरवलं होतं. आली नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही, हेही ठरवलं होतं.

लग्नाला नऊ दिवस राहिले असताना कपाटात पत्रिकांचा गठ्ठा दिसला.

"इतक्या कशा उरल्या?"

"जास्त छापल्या असतील, आजी. कॉम्प्युटरने प्रत्येक ओळ वाचलीये."

"चांदवडची चिठ्ठी तू डोळ्यांनी पाहिलीस?"

पाहिली नव्हती. तिने लॅपटॉप उघडला, थोडा वेळ बघितलं आणि कपाळाला हात लावला. रिकामी ओळ आली म्हणजे फाइल संपली, असं धरून तिने तिथे थांबायला लिहून ठेवलं होतं. कोऱ्या ओळीखालची पंधरा घरं राहिली होती.

"मूर्ख आहे हा," ती म्हणाली.

"त्याला काय बोलतेस? थांब म्हणालीस, थांबला. या घरात दुसरं कोणी ऐकतं का इतकं?"

मोबाइलवर फोटो पाठवू, असं ती म्हणाली. मी नको म्हटलं. बाकीच्यांना पत्रिका मिळून आठवडा झाला होता, आणि बहिणीला ते कळलं नसेल असं होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी द्वारका चौकातून बस धरून चांदवडला गेलो.

बहीण ओट्यावर कांदे निवडत बसली होती. उठली नाही.

"समद्या नातेवाइकांना वाटून झाल्यावर आमची आठवण झाली व्हय, आक्का?"

"कॉम्प्युटरचं चुकलं," मी म्हटलं.

"नाही मावशीआजी, माझं चुकलं," नात म्हणाली.

"पोरगी खरं बोलती. तुझ्यावर नाय गेली."

मी तिला कुंकू लावलं, अक्षता आणि पत्रिका पुढे केली. तिने हात पदराला पुसून ती घेतली.

"पोस्टाने आली असती तर मी काय आले नसते," ती म्हणाली. "चहा ठेवते. साखर चालती का तुला अजून?"

"चालते."

"मग एवढ्यात मरत नाय तू."

परतताना बसमध्ये नात म्हणाली, "बरंच झालं ना आजी, चुकलं ते?"

"काय बरं झालं? अजून चौदा घरं राहिलीत. उद्या सकाळी कळवणला जायचंय."