पिशवी काढली तो आठवडा

सासरी माझ्या आधी तिघींच्या पिशव्या काढून झाल्या होत्या. सासूबाईंची, चुलत सासूबाईंची आणि मोठ्या जाऊबाईंची. गर्भाशय हा शब्द त्या घरात मी कधी ऐकला नाही. पिशवीच म्हणायचं. दिंडोरीकडच्या त्या गावात अंगावरून जास्त जायला लागलं, पोटात दुखायला लागलं, की बायकाच एकमेकींना सांगायच्या, "काढून टाक ना पिशवी, कटकट नको." किडकी दाढ काढावी तसं. महिनाभरात ती बाई पुन्हा द्राक्षबागेत कामाला उभी.

माझी मात्र काढायची नव्हती. मला एकच मुलगी होती, नऊ वर्षांची, आणि नवऱ्याला मुलगा हवा होता.

आम्ही तिघं नाशिकला सातपूरमध्ये राहायचो. तो कंपनीत जायचा, मी घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवायचे. दोन वर्षं मला त्रास होता. पाळी आली की टॉवेलची चौपदरी घडी बुडाखाली घेऊन मशीनवर बसायचं आणि तासातासाला उठायचं. उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली, कोणीतरी आतून चिमटा घेऊन तो सोडायचं विसरल्यासारखं दुखायचं. नवरा म्हणायचा, "तुझं रोजचंच हाय."

त्याचा हात उठायचा. हे आधीच सांगून टाकते. दर आठवड्याला नाही, पण उठला की चार-पाच मिनिटं थांबायचा नाही. मी मनमाडची, वडील रेल्वेत होते. आमच्या घरी आवाज चढायचे, हात चढले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा थोबाडीत बसली तेव्हा मला वाटलं होतं, चुकून लागली.

शेजारच्या काकू मला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. पहिल्या मजल्यावर आठ खाटांचा दवाखाना. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बारीक, बोलायला फटकळ. सोनोग्राफी बघून म्हणाल्या, "उजव्या अंडाशयावर गाठ आहे. नऊ सेंटीमीटर. मोठ्या मोसंबीएवढी."

"कॅन्सर आहे का?"

"तसं दिसत नाही, पण रक्त तपासू. भीती वेगळी आहे. एवढी मोठी गाठ लोंबकळत राहिली तर कधीतरी तिला पीळ बसतो. पीळ बसला की अंडाशयाचं रक्त बंद होतं आणि ते मरतं. त्याआधी काढायला हवी."

मी म्हणाले, "मॅडम, मग सगळंच काढून टाका."

त्या एकदम चिडल्या. "सगळंच म्हणजे काय? पिशवीला सूज आहे, पण तिला औषधं आहेत. गरज नसताना मी हात लावणार नाही. तुमच्याकडच्या बायका पंचविशीत पिशव्या काढून मोकळ्या होतात आणि चाळिशीत कंबर धरून माझ्याकडेच येतात."

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवत होता. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "पोरगा होईस्तोवर पोटाला सुरी लागनार नाय." विषय संपला. अडीच महिने गेले. रिपोर्ट कपाटात साड्यांखाली होते.

मग तो रविवार. दुपारचे दोन वाजले असतील. जेवणं झाली होती, मुलगी पुढच्या खोलीत टीव्ही बघत होती. त्याने आतल्या खोलीचं दार लोटलं. मी म्हणाले, "आज नको. खरंच दुखतंय." तो म्हणाला, "दुखनं कधी नसतं तुला? मुलगा काय आभाळातून पडनार हाय?" मी त्याचा हात झटकला. एवढंच केलं. त्याने केसांना धरून मला खाटेवरून खाली ओढलं आणि मी उठायला लागले तशी कमरेखाली लाथ घातली. एक, दोन. तिसरी उजव्या बाजूला बसली.

पुढे डॉक्टरबाईंनी मला सांगितलं की लाथेनेच पीळ बसला असं शपथेवर म्हणता येणार नाही, गाठ कशीही फिरू शकते. त्यांचं खरं असेल. पण तिसरी लाथ आणि ती कळ यांच्यात एका श्वासाचंही अंतर नव्हतं. ओला कपडा दोन्ही हातांनी पिळावा तसं आत काहीतरी कोणी पिळत होतं आणि थांबत नव्हतं. मी ओकले. फरशीवर, त्याच्या पायावर. त्याने पाय माझ्याच साडीला पुसला, चप्पल घातली आणि मोटरसायकल काढून गावाकडे निघून गेला.

मुलीने काकूंना बोलावलं. काकूंनी रिक्षा आणली. त्र्यंबक रस्त्यावरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला मी किंचाळत होते आणि प्रत्येक वेळी रिक्षावाला "सॉरी ताई" म्हणत होता. मुलगी माझा हात धरून होती. मी इतक्या जोरात दाबला की तिच्या मनगटावर नखं उमटली.

डॉक्टरबाईंनी पोटाला हात लावला आणि लगेच भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. मग माझ्या तोंडाशी वाकून सावकाश बोलल्या. "पीळ बसलाय. पोट उघडावं लागेल. ते अंडाशय गेलंय असं धरून चाला. आत सगळं चिकटलेलं दिसतंय. रक्त थांबलं नाही तर पिशवीही काढावी लागेल. शक्यतो नाहीच काढणार. पण वेळ आली तर काढू का?"

"काढा."

"घरचे कुठे आहेत?"

"मीच आहे," मी म्हणाले. "सही मीच करते. कायद्याने चालतं ना?"

"चालतं," त्या म्हणाल्या. सही वेडीवाकडी आली. काकूंनी साक्षीदार म्हणून खाली नाव लिहिलं.

जाग आली तेव्हा घशात कोरड होती आणि पोटावर दगड ठेवल्यासारखं वाटत होतं. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. उजवं अंडाशय काळं पडलं होतं. ते पिशवीला आणि पिशवी आतड्याला चिकटली होती. सोडवताना रक्त सुरू झालं ते थांबेना, म्हणून पिशवी काढली. डावं अंडाशय चांगलं होतं, ते ठेवलंय. "मला काढायची नव्हती," त्या पुन्हा म्हणाल्या. त्यांच्याच पोटातलं गेल्यासारखा त्यांचा चेहरा होता. मला मात्र त्या वेळी एकच गोष्ट कळली. ती कळ गेली होती.

काकू मुलीला घरी घेऊन गेल्या होत्या आणि रात्री त्यांनीच गावी फोन करून कळवलं होतं. अकराच्या सुमारास जिन्यात पायांचा आवाज झाला. पाच-सहा माणसं असावीत. मी दिराचा आवाज ओळखला. "कुठंय ती डॉक्टरीन?"

काउंटरवरच्या मुलीने काहीतरी विचारलं असेल. लगेच काच फुटली. मग खुर्च्या, मग औषधांचं कपाट. बाटल्या एकामागून एक फुटत होत्या. शेजारच्या खाटेवरची कालच बाळंत झालेली पोर बाळाला छातीशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. बाहेर नवरा ओरडत होता, "आमच्या वंशाची पिशवी कोनाला इचारून काढली? कोनाला इचारलं तू?"

डॉक्टरबाईंचा आवाज अजिबात कापत नव्हता. "तिला विचारलं. तिची पिशवी होती."

पुढचा आवाज दाराचा होता. कोणीतरी तपासणीच्या खोलीचं दार ओढून आपटलं आणि त्यात डॉक्टरबाईंचा हात होता. त्यांची किंकाळी ऐकली आणि मी उठले. पोटाला आडवे टाके, हाताला सलाईन, एका बाजूला लघवीची पिशवी. कशी उठले ते आजही सांगता येत नाही. लघवीची पिशवी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने सलाईनचा स्टँड धरला आणि त्याचाच आधार घेत दारापर्यंत आले.

पॅसेजमध्ये सगळीकडे काचा होत्या. एक नर्स कपाळ धरून खाली बसली होती, बोटांमधून रक्त येत होतं. दिराच्या हातात खुर्चीचा पाय होता. नवरा डॉक्टरबाईंना भिंतीशी दाबून उभा होता आणि त्या आपला चेंगरलेला हात छातीशी धरून होत्या.

मी म्हणाले, "सोडा त्यांना. सही मी केली."

तो वळला. माझ्या गाऊनकडे, हातातल्या लघवीच्या पिशवीकडे, पायांकडे बघितलं. "तू केली?"

"हो. मला कळत होतं. त्यांनी विचारलं, मी हो म्हणाले."

त्याने डॉक्टरबाईंना सोडलं आणि मला मारलं. उलट्या हाताने, तोंडावर. ओठ फाटला. अकरा वर्षांत अशा वेळी मी काय करायचे, तर खाली बसायचे आणि डोकं झाकायचे. त्या दिवशी खाली बसता येत नव्हतं, टाके होते. एवढंच कारण असेल. मी हातातली पिशवी सोडली, दोन्ही हातांनी सलाईनचा स्टँड उचलला आणि आडवा फिरवला. तो त्याच्या तोंडावर बसला. लोखंड दातावर आपटल्याचा आवाज मी ऐकला. तो गुडघ्यावर आला. मी पुन्हा मारलं, खांद्यावर. तिसऱ्यांदाही मारलं, आणि तो वार स्वतःला वाचवायला नव्हता. नवरा हाताने तोंड झाकून बसला होता. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही, आणि त्या क्षणी मला बरं वाटलं, हेही खोटं नाही.

सुई हातातून निघाली होती, पोटावर ओलं आणि गरम लागत होतं. दीर आणि बाकीचे माझ्याकडे बघत नुसते उभे राहिले. मग कोणीतरी "पोलीस" म्हणालं आणि सगळे जिन्याकडे पळाले. भावाला तिथेच टाकून पळाले.

माझे कातडीवरचे चार टाके तुटले होते. डॉक्टरबाईंच्या दोन बोटांची हाडं मोडली होती. त्या शेजारी स्टुलावर बसून दुसऱ्या डॉक्टरांकडून माझे टाके घालून घेत होत्या आणि त्यांना सूचना देत होत्या. पोलिसांनी माझा जबाब त्याच खाटेवर घेतला. हवालदार म्हणाला, "तुम्ही मारलं ते लिहायचं का? विचार करा." मी म्हणाले, "सगळं लिहा. रविवारच्या लाथांपासून लिहा."

चौथ्या दिवशी सासूबाई आल्या. एकट्या, एसटीने, डब्यात पातळ खिचडी घेऊन. खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "दोघं पोरं आत हायेत माझी. तू येवढंच सांग, तुला न इचारता काढली. गुंगीत सही घेतली म्हन. मग सगळं मिटंल. तुला घरी नेते."

"मला विचारलं होतं, आई."

त्या उठल्या, पडदा ओढला, लुगडं बाजूला करून मला पोट दाखवलं. बेंबीपासून खालपर्यंत उभा व्रण, करंगळीएवढा जाड, वेडावाकडा. "सव्वीसची व्हते. अंगावरून पांढरं जात व्हतं, येवढंच. डाक्टर बोलला, कॅन्सर व्हईल. सासरा बोलला, काढा. मी दारात उभी व्हते, मला कोनी आत बी नाय बोलावलं. आठव्या दिवशी बागंत गेले. मला कोनी इचारलं व्हतं?"

"नव्हतं विचारलं," मी म्हणाले. "म्हणूनच मी खोटं बोलणार नाही."

त्यांनी खाडकन माझ्या थोबाडीत मारली. फाटक्या ओठावरच. मग तिथेच उभ्या राहून त्यांनी माझी चादर नीट केली, खिचडी वाटीत काढून ठेवली आणि निघून गेल्या. मी ती खिचडी खाल्ली. भूक लागली होती.

मी सासरी परत गेले नाही. मुलीला घेऊन वर्षभर मनमाडला राहिले, मग पुन्हा नाशिकला आले, पंचवटीत दोन खोल्या घेतल्या. आता तयार कपड्यांच्या एका कारखान्यात मशीनवर आहे. पोट दुखत नाही, पाळीचा प्रश्नच संपला. पण मधूनच अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं आणि राग येतो, इतका की हातातली कात्री खाली ठेवून बाहेर जाऊन उभी राहते. मागे एकदा अशा रागात मुलीवर हात उगारला होता. ती खाली बसली आणि तिने डोकं झाकलं. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिने बघितलं होतं. मी हात खाली घेतला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

खटला चालू आहे. दोन्ही बाजूंचा. तारखेला तो भेटतो, पुढचे दोन दात खोटे बसवलेत. आम्ही बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात कारखान्यातल्या एका बाईला तसलीच गाठ निघाली. मी तिला त्याच डॉक्टरबाईंकडे नेलं. काउंटरला आता छतापर्यंत लोखंडी जाळी आहे. त्यांनी तपासलं, समजावून सांगितलं, तसंच फटकळ, तसंच नीट. मग म्हणाल्या, "यजमानांना घेऊन या. त्यांचीही सही लागेल."

मी तिथल्या तिथे भडकले. "मॅडम, कायद्यात तर नाही. तुम्हीच म्हणाला होतात."

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. मधली दोन बोटं पूर्ण वाकत नव्हती. "कायद्यात नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे नर्स आहेत. त्यातली एक आता गरोदर आहे."

मला अजून बोलायचं होतं. ती बाई माझ्याकडे बघत होती, मी काय सांगते म्हणून. आम्ही दोघी खाली आलो, टपरीवर चहा घेतला आणि तिने नवऱ्याला फोन लावला.